चारचौघांतला होकार

माणसानं कसं जगावं हे सांगणारे भिवंडीत पुष्कळ होते. कसं मरावं हे सांगणारे माझे वडील एकटेच. ते कॉलेजात तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवायचे. गाव त्यांना तात्या म्हणायचं, म्हणून आम्हीही तात्याच म्हणायचो.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये आमच्या डॉक्टरांनी तात्यांचे रिपोर्ट बघितले आणि चष्मा काढून ठेवला. किडन्या गेल्यात म्हणाले. ठाण्याला नेऊन डायलिसिस सुरू केलं तर काही वर्षं सहज निघतील, नाहीतर दिवाळी अवघड आहे. मी तात्यांकडे बघितलं. त्यांचं उत्तर मला पाठ होतं. सत्त्याऐंशी साली आई ह्याच आजारानं गेली, तेव्हा ह्याच डॉक्टरांसमोर त्यांनी सांगितलं होतं की आम्ही नवराबायको यंत्राला जोडून घेऊन जगणार नाही, तसं आमचं ठरलं आहे.

तात्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "सोमवारी जाता येईल का?"

मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली होती, म्हणजे नीटच ऐकलं होतं.

हे का बोचलं ते कळायला आधी मंडळाची गोष्ट सांगायला हवी. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर गावात मरण फार स्वस्त झालं होतं. जो तो सुन्न होता. तेव्हा तात्यांनी आमच्या बाहेरच्या खोलीत दर गुरुवारी बैठक सुरू केली. विषय एकच, जगणं आणि मरणं. वकील सुधीर यायचा, त्याची बायको सुचेता यायची, पोस्टातून निवृत्त झालेले दाजी यायचे, आणखी चार-दोन माणसं असायची. पुरुष बाहेर बसायचे, बायका मधल्या खोलीत दाराशी. आमच्या मंडळात बायकांना बोलायला बंदी नाही, असं तात्या अभिमानानं सांगायचे. बंदी नव्हतीच. चहा तेवढा बायकांनी करायचा.

चर्चा मात्र खरोखर चांगल्या व्हायच्या. एकदा तात्यांनी विचारलं, "समजा, लूमच्या दोन शेडना आग लागली. एकीत पाच कामगार, दुसरीत एक. तुम्हाला एकच शटर उघडता येतं. कुठलं उघडाल?" सुधीर म्हणाला पाचांचं. कुणी म्हणालं, त्या एकट्याचा जीव काय कमी आहे? तासभर खल झाला. शेवटी दाजी म्हणाले, "ज्या शटरची किल्ली हातात आहे ते उघडावं आणि बोंब मारावी." सगळे हसले. तात्याही हसले आणि म्हणाले, ह्यालाच व्यवहार म्हणतात.

तात्यांचं स्वतःचं म्हणणं पक्कं होतं. माणसाला मारणं वेगळं आणि त्याला जाऊ देणं वेगळं. डॉक्टरांपाशी यंत्र आहे म्हणून ते लावलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. आयुष्य ज्याचं त्याचं, तसा शेवटही ज्याचा त्याचा. फक्त त्याची संमती पाहिजे, आणि ती शुद्धीवर असताना, विचार करून दिलेली पाहिजे. हे ते इतक्या शांतपणे सांगत की ऐकणाऱ्याला मरणाची भीती थोडी कमी वाटायची. मलाही वाटायची. मी त्यांची भक्तच होते म्हणा ना.

आता आईबद्दल. आईचं नाव अनसूया. चारचौघांत तिनं तात्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. तिच्या माहेरची रीतच तशी होती, परक्यांसमोर नवऱ्याला नाही म्हणायचं नाही. म्हणून ती तात्यांच्या ताटाखालचं मांजर होती असं मात्र कुणी समजू नये. एका वर्षी तात्यांनी भर बैठकीत जाहीर केलं की भाऊबिजेला सगळं मंडळ बायकापोरांसकट आमच्याकडे जेवायला. "काय अनसूया?" आई दारातून म्हणाली, "हो, या ना सगळे." माणसं गेली. आईनं स्वयंपाकघरात कपबशा विसळायला घेतल्या आणि म्हणाली, "पंचवीस माणसं? रांधणार कोण, तुमचं नीतिशास्त्र?" दुसऱ्या दिवशी तात्या घरोघर जाऊन, माझंच पोट बरं नाही, असं सांगून आमंत्रण मागे घेऊन आले.

असं शेकडो वेळा झालं असेल. आईच्या चारचौघांतल्या होकाराला काही अर्थ नसतो, खरं उत्तर माणसं गेल्यावर आत मिळतं, हे आमच्या घरातल्या भांड्यांनाही माहीत होतं. तात्यांना तर सगळ्यांत जास्त. आणि आतलं उत्तर ते कधी मोडायचे नाहीत. माझ्या मैत्रिणींचे वडील घरात डरकाळ्या फोडायचे. माझे वडील आईचं ऐकायचे. मला त्यांचा अभिमान होता तो खरा ह्यासाठी. त्यांच्या व्याख्यानांचा नंबर त्याच्या खाली.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात आईचे पाय सुजायला लागले. मग तोंड सुजलं, अन्न जाईना. डॉक्टरांनी मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. त्या वेळी डायलिसिस म्हणजे मुंबईच. तात्यांनी तो प्रश्न गुरुवारच्या बैठकीत मांडला. आपल्या घरचाच प्रश्न असा उघड मांडणारा माणूस म्हणून सगळे त्यांच्याकडे आदरानं बघत होते. आई दाराशी बसली होती. तात्या म्हणाले, "अनसूया, हा निर्णय तुझा आहे. कुणाची भीड बाळगू नकोस. तुला यंत्राच्या आधारानं जगायचं आहे का?"

आईनं पदर सारखा केला. म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते बरोबरच असेल."

"बघा," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. दाजींनी डोळे पुसले. सुधीर म्हणाला, आपण सहा वर्षं कायदा वाचला, पण सन्मान म्हणजे काय ते वहिनींकडून आज कळलं.

मी तेव्हा पडघ्याच्या शाळेत गणित शिकवत होते. सकाळच्या एसटीनं जायचे, दिवेलागणीला परतायचे. दुसऱ्या दिवशी घरी आल्या आल्या मी आत गेले आणि आईला विचारलं, "तुझं खरं काय ते सांग." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ह्यांच्याशी बोलून झालंय माझं." इतकंच. ती नवरा-बायकोतलं बोलणं मुलीपाशीही उघडं करायची नाही. मग मी बाहेर येऊन तात्यांना विचारलं, "आई आत काही म्हणाली का?"

तात्या म्हणाले, "नाही गं. अगदी शांत आहे ती."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? आतलं उत्तर वेगळं असतं तर तात्यांनी ते पाळलं असतं. जन्मभर पाळत आले होते.

आई महिन्याभरात गेली. शेवटी तिला धाप लागायची, नीट बोलता यायचं नाही. वळ गावची चंद्रा तिच्या सोबतीला दिवसभर असायची. रस्त्यावर एखादी मोटार वाजली की आई विचारायची, "गाडी आली का?" चंद्रा म्हणायची, "न्हाय आली बाय, येल हां." तात्यांनी मला समजावलं की रक्तात विष साचलं की माणूस असं भ्रमिष्टासारखं बोलतं, मनावर घेऊ नकोस. मी मनावर घेतलं नाही. तिच्या तेराव्यानंतर मंडळात तात्यांचं व्याख्यान झालं, 'एक शांत निरोप'. पार कल्याणहून माणसं आली होती.

तर अशा माणसानं सोमवारी जाता येईल का म्हणून विचारलं.

घरी आल्यावर मी दोन दिवस गप्प होते. माणूस घाबरतो, मरणापुढे भलेभले घाबरतात, हे मला कळत होतं. त्यांनी सरळ, शुभदा, मी घाबरलोय गं, एवढं म्हटलं असतं तर मी त्यांना जवळ घेतलं असतं. पण सरळ बोलतील ते तात्या कसले? बुधवारी रात्री जेवताना त्यांनी आपणहून विषय काढला.

"तू बोलत नाहीस. तुला वाटत असेल, म्हाताऱ्यानं कोलांटी मारली."

"मारलीतच," मी म्हटलं. "मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं मरण्याचा हक्क नाही असा निकाल दिला तेव्हा तुम्ही केवढे संतापला होता. पेपर फेकला होता तुम्ही."

"हक्क असणं वेगळं आणि तो बजावलाच पाहिजे ही सक्ती वेगळी." त्यांचा शिकवण्याचा सूर लागला. "आणि मत म्हणजे काही दगड नव्हे. निरोगी माणूस मरणाबद्दल बोलतो ते ऐकीव असतं. आजार अंगात आला की कळतं जगणं काय चीज आहे. तेव्हा मत बदललं तर ती लबाडी नसते, ते नवं ज्ञान असतं. तुझ्या आईचंच बघ ना. गुरुवारी हो म्हणाली आणि शुक्रवारी..."

त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

"शुक्रवारी काय?"

"काही नाही. जुनं आहे."

"तात्या, शुक्रवारी काय?"

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. एरवी चोवीस तास खडखडाट, त्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शुक्रवारी मात्र सगळं गाव गप्प असतं. त्यामुळे ऐकू आलं नाही असंही तात्यांना म्हणता येत नव्हतं.

"आत गेलो होतो पाणी प्यायला," ते म्हणाले. "ती म्हणाली, मला मुंबईला न्या. यंत्र तर यंत्र. मला अजून जगायचं आहे."

"आणखी?"

"आणखी काही नाही. कशासाठी म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, कशासाठी असं नाही, नुसतंच जगायचं आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणालो. सुधीरला गाडीचं विचारतो म्हणालो."

"विचारलंत?"

तात्यांनी मान हलवली. नाही.

गाडी आली का, गाडी आली का. ती भ्रमात नव्हती. तिला गाडी सांगितली होती आणि ती गाडीची वाट बघत होती. भ्रमात मी होते, माझ्या बापाच्या भ्रमात.

"का?" मी ओरडलेच. "का नाही विचारलंत?"

"ती भीती बोलत होती शुभदा, अनसूया बोलत नव्हती. शुद्ध विचारानं तिनं आदल्या दिवशी संमती दिली होती. भीतीच्या भरात दिलेलं मत नीतिशास्त्रात..."

"नीतिशास्त्र चुलीत घाला. आईचा चारचौघांतला होकार कसा असतो हे तुम्हाला माहीत नव्हतं? भाऊबिजेचं जेवण तुम्ही तिच्या एका शब्दावर रद्द केलंत आणि हे नाही?"

त्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंडळात सांगून झालं होतं. सुधीर, दाजी, सगळ्यांनी ऐकलं होतं. आता फिरवायचं म्हणजे..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरजही नव्हती. भाऊबिजेला पोट दुखतं म्हणून सांगता आलं होतं. इथे सबब सापडली नसावी.

मी ताट उचललं आणि आत गेले. खरं सांगते, त्या रात्री माझ्या मनात वाईट आलं. म्हटलं, बघू म्हणावं. फक्त बघू म्हणावं आणि काही करू नये. सोमवार येईल आणि जाईल. त्यांचंच तत्त्व, त्यांनाच लागू. मारणं वेगळं आणि जाऊ देणं वेगळं, त्यांनीच शिकवलं होतं मला. तर्कात एक खोट काढून दाखवावी कुणी. गणित शिकवणारी बाई आहे मी, मलाही सापडली नाही. आणि तरी ते करवेना. जगू द्या म्हणणाऱ्या माणसाला बघू म्हणून बसवून ठेवायचं, हे मला जमण्यातलं नव्हतं. ते जमायला तात्यांसारखी तयारी लागते.

दुसरा दिवस गुरुवार. मंडळ आलं. आजाराची बातमी गावात फिरली होती. दाजी चक्क शाल आणि नारळ घेऊन आले होते. सुधीरनं उभं राहून छोटंसं भाषण केलं. तात्यांनी आम्हाला आयुष्यभर विचार दिला, आता ते तो जगून दाखवणार आहेत, आम्ही भाग्यवान, वगैरे. माणूस धडधडीत जिवंत बसलाय आणि त्याची शोकसभा चालली आहे, असा प्रकार. मी दाराशी उभी होते. तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांना काय हवं होतं ते मला बरोबर कळलं. मी ह्यांना ठाण्याला नेणारच, हे वाक्य मी बोलायला हवं होतं. मी काही बोलले नाही.

"तात्या, मग निर्णय पक्का ना?" सुधीरनं विचारलं.

तात्यांनी चष्मा पुसला. "माझं तर कधीचंच ठरलेलं आहे," ते म्हणाले. "पण ही पोरगी ऐकत नाही. म्हणते, ठाण्याला चलाच. आता मुलीच्या मायेपुढे तत्त्वानं थोडं नमावं लागतं रे. मी कमी पडलो म्हणा हवं तर. अनसूया माझ्याहून खंबीर. ती शेवटपर्यंत डगमगली नाही."

दाजी गहिवरून "वा, वा" म्हणाले. कोणीतरी माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

आदल्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की ह्या माणसानं एकदा चूक केली आणि ती लपवली. आता कळलं की ती त्यांची रीतच होती. आईचं मरण त्यांनी आईच्या नावावर लिहिलं, आणि स्वतःचं जगणं माझ्या नावावर लिहायला निघाले होते. स्वतःच्या नावावर काहीच नाही. मी दारातून बाहेरच्या खोलीत आले.

"आई डगमगली होती," मी म्हटलं. "दुसऱ्याच दिवशी. मला मुंबईला न्या, मला जगायचं आहे, असं तिनं ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ह्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. मी विचारल्यावरसुद्धा नाही सांगितलं. सुधीरच्या गाडीचं विचारतो म्हणून तिला झुलवत ठेवलं. आणि ठाण्याला मी नेत नाहीये. जायचं ह्यांना आहे. डॉक्टरांना सोमवारची वेळ ह्यांनी विचारली."

तात्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते हळूच म्हणाले, "शुभदा, चारचौघांत काय हे बोलतेस?"

"चारचौघांतच बोलायला पाहिजे तात्या. आई आत बोलली, तिचं काय झालं?"

मधल्या खोलीत सुचेता रडायला लागली. इतक्या वर्षांत मंडळात त्या बाजूनं कुणी न विचारता आवाज आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. सुधीर मात्र तात्यांकडे बघत राहिला. म्हणाला, "तात्या, माझी गाडी तेव्हा दारात नुसती उभी असायची. रस्त्यात तुम्ही मला रोज भेटत होतात." थोड्या वेळानं माणसं एकेक करून उठली. दाजींना शालीचं काय करावं ते कळेना, शेवटी ती खुर्चीवर ठेवून ते गेले. मंडळ त्यानंतर भरलं नाही.

सोमवारी मी शाळेत रजा टाकली आणि तात्यांना ठाण्याला नेलं. हॉस्पिटलात त्यांना पलंगावर घेतलं, हातात सुया टोचल्या, आणि त्यांचं रक्त नळीतून यंत्रात जायला लागलं. ते नळीकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. नर्स दुसऱ्या पलंगाकडे गेल्यावर त्यांनी विचारलं, "एवढं सगळं कळूनही तू मला आणलंस. का?"

चार दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते, आणि त्यातही त्यांना कारण हवं होतं. माया म्हणावं, कर्तव्य म्हणावं, काहीतरी मोठा शब्द.

"तुम्ही जगायचंय म्हणालात म्हणून," मी म्हटलं. "ह्याहून जास्त कारण लागत नाही."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि सुयांमुळे त्यांना हात उचलता येत नव्हता. रुमाल माझ्याजवळ होता. मी तो काढला नाही.

ते आणखी तीन वर्षं जगले. आठवड्यातून दोनदा ठाणे, पथ्याचं अळणी जेवण, मोजून पाणी, सगळं मी केलं आणि नीट केलं. ते चांगलं जगले असंही म्हणेन. सकाळी व्हरांड्यात ऊन खायचे, पेपर वाचायचे, पेरूची फोड मिळाली तर खुलायचे. जगणं ही चीज त्यांना फारच आवडत होती. त्यांना असं पेरू चघळताना बघितलं की मला आईची वर्षं दिसायची, तिला मिळाली असती ती.

शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "मला माफ केलंस का गं?" मरणाऱ्या माणसाला हो म्हणावं, अशी आपल्यात पद्धत आहे. मी विचार केला, पण मला आईला पुन्हा एकदा गप्प बसवायचं नव्हतं. मी नाही म्हणाले. मग त्यांचं पांघरूण नीट केलं आणि पहाटे त्यांचा श्वास थांबेपर्यंत शेजारी बसून राहिले.